शुक्रवारचा कोरा चहा

कुणी काही आपणहून द्यायला लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. अभिमानानं सांगावा असा हा स्वभाव नाही, पण वीस वर्षं टाइम ऑफिसात काढल्यावर दुसरा कुठला राहणार? साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात मी हजेरी बघते. गाड्यांचे सुटे भाग होतात तिथे. कोण कधी आला, कोण का आला नाही, सगळं माझ्या टेबलावरून जातं. एकाच आजीच्या तेराव्यासाठी तीनदा रजा घेतलेला माणूस मी सांभाळलेला आहे.

त्यामुळे एचआरच्या साहेबांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि पेढे वाटावेत अशा तोंडानं बोलायला लागले, तेव्हाच मी खुर्चीत सावरून बसले. पाच दिवसांऐवजी चार दिवस काम. सकाळी आठ ते रात्री आठ. शुक्रवार, शनिवार, रविवार अख्खा कारखाना बंद. पगार तोच. तीन महिने करून बघायचं, मग प्रत्येकानं एका फॉर्मवर हो किंवा नाही लिहून सही करायची.

तरुण मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. आधी साडेनऊ तासांचे पाच दिवस, म्हणजे साडेसत्तेचाळीस. आता बारा चोक अठ्ठेचाळीस. अर्धा तास जास्त! मी उभी राहून तसं सांगितलं. साहेब हसले आणि म्हणाले, "मॅडम, तेवढा अर्धा तास तुम्ही चहात घालवा." ते चिडले असते तर मी गप्प बसले असते. हसले, म्हणजे खरी गोम दुसरीकडेच होती.

ती मी बरेच दिवस शोधली. कंपनीच्या बसची एक फेरी वाचते, कॅन्टीनचा एक दिवस वाचतो, कॉम्प्रेसर एक दिवस कमी चालतो, एवढं सापडलं. तेवढ्यासाठी मालक तीन दिवस सुट्टी देतो यावर माझा विश्वास बसेना. चार दिवसांचं काम ही काय चीज असते, हे मी लहानपणी घरात बघितलं होतं.

माझे वडील सांगलीकडच्या एका सूतगिरणीत होते. आम्ही राहायचो माधवनगरला. मी सातवी-आठवीत असताना गिरणीची रात्रपाळी बंद झाली. मग नोटीस लागली, की काही दिवस आठवड्यातून चारच दिवस काम चालेल, कुणी घाबरून जाऊ नये. तेव्हाही गोडच बोलले होते सगळे. उरलेल्या दिवसांना आमच्याकडे खाड्याचे दिवस म्हणायचे. खाड्याच्या दिवशी आई चूल एकदाच पेटवायची आणि चहात दूध घालायची नाही. सकाळी कप हातात आला की आज गिरणी चालू आहे की बंद, हे मला रंगावरून कळायचं. दुधाचा चहा कमी कमी होत गेला आणि एक दिवस गिरणीचं गेट उघडलंच नाही. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही कोराच चहा प्यायलो.

आई जाऊन आता सात वर्षं झाली. वडील माधवनगरच्या त्याच दोन खोल्यांत एकटे राहतात. मी लग्न केलं नाही, साताऱ्यात भाड्याच्या घरात असते. पूर्वी एक रविवार आड जायची. सकाळची एसटी पकडायची, मलकापूरला पुलाच्या कामात ती अडकून बसायची, जेवायच्या वेळेला घरी पोचायचं आणि चार वाजता परत निघायचं. त्यातही वडील मला तासभर भेटायचे आणि तासभर झोपायचे.

आता तीन दिवस मिळाले तर मी दर शुक्रवारी जायला लागले. पहिल्या शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं निघून सकाळीच दारात उभी राहिले, तर वडिलांनी आधी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"आज कशी काय? सुट्टी हाय?"

मी सगळं समजावून सांगितलं. चार दिवस, बारा तास, पगार तोच.

"चार दिवस," ते म्हणाले. "बरं."

मग माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेले. पाणी देताना सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "गेटासमोर च्याची टपरी हाय का गं तुमच्या?"

"आहे की."

"कवापासनं?"

"मी लागले तेव्हापासून. का हो आप्पा?"

"काय न्हाई. इच्यारलं."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा टपरी. त्याच्या पुढच्या वेळी भंगाराची गाडी महिन्यातून किती वेळा येते ते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला बोलायला विषय हवा असतो. शिवाय मी माझ्या संशयात गुंतले होते. कारण तीन दिवस सलग राहिल्यावर माझ्या लक्षात यायला लागलं, की आप्पा काहीतरी लपवतायत.

ते कोरा चहा घ्यायला लागले होते. मला दुधाचा करून द्यायचे, स्वतः कोरा. का, तर म्हणे दूध पचत नाही. पेपर बंद केला होता. का, तर डोळे दुखतात. मी घरात आले की ज्वारीच्या डब्याजवळून उठायचे. मला वाटलं, यांना मोठा काहीतरी आजार झालाय आणि ते मला ताकास तूर लागू देत नाहीत. मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. ते किती जेवतात, कितीदा उठतात, कुठे हात दाबून धरतात. ते माझ्याकडे तसेच बघत होते, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. दोन खोल्यांत दोन माणसं एकमेकांवर पाळत ठेवून होती आणि वर एकमेकांना भाजी वाढत होती.

रक्तदाबाच्या गोळ्यांची मला काळजी नव्हती. सात कप्प्यांची, वार छापलेली एक डबी मी त्यांना आणून दिली होती. रविवारी निघताना ती मी भरून ठेवायची. पुढच्या शुक्रवारी आले की सोमवार ते गुरुवारचे कप्पे रिकामे असायचे आणि शुक्रवारचाही थोड्या वेळानं रिकामा व्हायचा. हजेरी चोख होती. हजेरीवर विश्वास ठेवायची माझी सवय मला नडली.

तिसरा महिना चालू होता. एका शनिवारी दुपारी वडील अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते आणि धोतर हातात घेऊनच खाली बसले. बसले म्हणजे पायांत बळच उरलं नाही त्यांच्या. मी धावले. चेहरा लाल झालेला आणि बोलताना शब्द अडखळत होते. रिक्षातून सांगलीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा बघितला आणि भुवया वर केल्या.

"गोळी रोज घेता ना?"

"घेतो की," वडील म्हणाले.

"मी स्वतः भरून ठेवते," मी म्हणाले, जरा तोऱ्यातच.

रोज घेऊनही एवढा दाब, म्हणून डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. वडिलांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते मी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांना झोपू दिलं आणि ज्वारी दळून आणावी म्हणून डबा उघडला. मापटं खाली घातलं तर टणकन वाजलं. ज्वारीत तंबाखूची जुनी पत्र्याची डबी पुरलेली होती. आई अशीच ज्वारीत वस्तू लपवायची. उघडली तर आत गोळ्या. पांढऱ्या, बारीक, मी दर रविवारी कप्प्यात घालत होते त्याच. मूठभर होत्या.

मी डबी घेऊन त्यांच्या कॉटजवळ गेले आणि गोळ्या चादरीवर ओतल्या.

"हे काय आहे, आप्पा?"

ते उठून बसले.

"घेतो की मी," ते म्हणाले. "तुझं काम चालू आसतं तवा घेतो. सोमवार ते गुरुवार. खाड्याच्या दिवशी कशाला गोळी लागती? बसूनच तर आसतो."

मी कॉटच्या कडेवर बसले.

"आन् ह्या ठिवल्यात," ते म्हणाले, "तुझं गेट बंद झालं की लागत्याल म्हनून. तवा तू कुठनं आननार?"

"अहो, माझी नोकरी जात नाहीये!"

"आमाला बी आसंच म्हनत हुते. आगं, तू सोत्ता तरी खरं मानतीस का? दर शुक्रवारी तोंड बघतोय की तुझं."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मी मालकाच्या चोरीतला अर्धा तास शोधून काढला होता. साहेबांच्या हसण्यातली गोम शोधत होते. आणि ज्या तीन दिवसांत मी इथं या घरात बसून होते, त्याच तीन दिवसांत माझा बाप माझ्या डोळ्यांसमोर औषध सोडत होता. कोरा चहा ते कशासाठी पितात हे जगात दुसऱ्या कुणाला नाही, पण मला कळायला हवं होतं. डॉक्टरांना मी लगेच फोन केला. दुप्पट गोळी रद्द झाली, जुनीच, पण सातही दिवस. माझ्या हजेरीवर त्यांनी त्या दिवशी जे तोंडसुख घेतलं, ते मी मुकाट ऐकलं.

वडील मात्र बधेनात. "मला तुजा कारखाना दाव," म्हणाले. मग डॉक्टरांना विचारून त्याच संध्याकाळी त्यांना घेऊन साताऱ्याला आले. घरात शिरल्यावर म्हणाले, च्या कर. मी केला आणि कप पुढे ठेवला. त्यांनी आत बघितलं.

"दूध?"

"नाहीये. तीन दिवस मी इथं नसते, नासतं. म्हणून रतीब बंद केलाय."

"कवापासनं?"

मी सांगायला गेले आणि थांबले. रतीब मी बंद केला होता तो साहेबांनी कॅन्टीनमध्ये बोलावलं त्याच आठवड्यात. सुट्टी सुरू व्हायला तेव्हा वेळ होता. सोमवार ते गुरुवार तर मी इथंच असायचे. तरीही मी तीन महिने कोरा चहा पीत होते, आणि दूध नासतं हे कारण मी इतरांना नाही, स्वतःलाच सांगत होते. आप्पांनी तो चहा तसाच पिऊन टाकला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी ठेवला असेल.

सोमवारी सकाळी पावणेआठपासून ते गेटासमोरच्या टपरीवर बसले. डोक्याला पांढरी टोपी, हातात छत्री. मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी टपरीवाल्याला बोलतं केलं, यंत्रं भंगारात जातायत का ते काढायला भंगारवाल्याला थांबवलं, मालाच्या ट्रकखाली वाकून टायर किती दबलेत ते बघितलं. माझ्यापेक्षा पक्का टाइमकीपर. दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "टपरीवाल्यानं नवं बाकडं करून घेतलंय. ज्याला गेटाची भीती आसंल त्यो बाकडं न्हाई करत."

"मग?"

"मग काय? सही कर. पर डोळं उघडं ठिव. मालक तो मालकच."

मंगळवारी पहाटे मी त्यांना सांगलीच्या एसटीत बसवून दिलं. गुरुवारी फॉर्म आला. मी हो लिहिलं. डबी भरली ती याच तीन दिवसांच्या धास्तीनं, पण इतके दिवस तिथं राहिले नसते तर ज्वारी दळायला निघालेच नसते आणि ती डबी ज्वारीतच राहिली असती, एवढं मला कळत होतं. तरी सही करण्यापूर्वी फॉर्मची मागची बाजू बघितली. कोरी होती. एक झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवली.

शुक्रवारी सकाळी माधवनगरला पोचले, तर स्टोव्हवर दूध तापत होतं. आप्पांनी शुक्रवारचा कप्पा उघडला, गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायले आणि मी न सांगताच आ करून दाखवला. मी जवळ जाऊन जीभही वर उचलायला लावली.

"झाली खात्री?"

"नाही," मी म्हणाले, आणि ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून आले. काही नव्हतं.

मग आम्ही चहाला बसलो. मी कप तोंडाला लावणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं, कप खाली घेतला आणि माझ्या चहात दूध आहे ना, ते वाकून बघितलं.