देऊन राहिलो आणि देणे राहिले

सभेत बोललेले शब्द लिहून ठेवण्याच्या कामाला आमच्या वऱ्हाडात कारकुनी समजतात. भाषण करणारा मोठा, त्याला हार घालणारा त्याहून मोठा, आणि कोपऱ्यात दौत-टाक घेऊन बसलेला मनुष्य म्हणजे पाण्याच्या माठासारखी एक वस्तू. हा समज किती घातक आहे हे मी आयुष्यभर वृत्तपत्रांना, संस्थांना आणि सरकारी कचेऱ्यांना पत्रांतून कळवीत आलो. बहुतेकांनी पोचसुद्धा दिली नाही. म्हणून मूळ हकिगत एकदा क्रमाने लिहितो. संस्थेचे नाव देत नाही. बदनामीच्या दाव्याची भीती मला नाही. असा दावा कोणी लावला असता तर निदान काही माणसांना शपथेवर बोलावे लागले असते. नाव देत नाही याचे कारण इतकेच, की त्या नावाला छापील अक्षरांचा मान मिळावा अशी माझी इच्छा नाही.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळची ही गोष्ट. मी अमरावतीस वकिली करीत असे आणि आठवड्यातून एकदा-दोनदा कोर्टाच्या कामासाठी अकोल्यास जात असे. उपरोक्त संस्थेची अमरावतीत भर वस्तीत एक मोकळी जागा होती. तेथे माळी कुटुंबांतील पंधरा-वीस बायका रोज सकाळी भाजी आणि फुले घेऊन बसत. त्या जागेवर पत्र्याचे छप्पर घालावे, खाली दगडी ओटे बांधावेत आणि एकेक ओटा एकेका विक्रेत्यास द्यावा असे संस्थेने ठरविले, आणि त्या कामासाठी सात जणांची समिती नेमली. अध्यक्ष हे शेतजमिनीचे एक मोठे खातेदार. बोलण्यात अघळपघळ आणि, त्या वेळी मला वाटे, मनाने उदार. चिटणीस हे सेवानिवृत्त शाळामास्तर. तरुणपणी पुण्याकडून नोकरीसाठी आले आणि येथेच राहिले. मी एक सभासद. उरलेल्या चौघांविषयी सांगण्याजोगे इतकेच, की ते हजर असत.

फाटकाजवळची पहिली जागा एका विधवा माळी बाईची होती. सासूच्या हातून तिच्याकडे आलेली. मेथी, वांगी, हंगामात शेवंती. जागेचा कागद कोणाकडेच नव्हता, तिच्याकडेही नव्हता. बांधकामासाठी जागा मोकळी हवी होती. पण ती उठेना, आणि ती उठत नाही म्हणून बाकीच्याही उठेनात. मी भाजी तिच्याकडूनच घेत असे, म्हणून समितीने मला पाठविले.

"चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, बाई," मी म्हणालो.

"चार महिन्यानं मले कोन वळखन, वकीलसाहेब? गिऱ्हाईक जागेले येते. माह्या तोंडाले पाहून थोडंच येते?"

"तुला पहिलाच ओटा मिळेल."

"कोन म्हन्ते?"

"समिती म्हणेल. मी आहे ना समितीत."

तिने मेथीची जुडी बांधली आणि गाठ दातांनी आवळली. "तुमी म्हन्ता म्हनून उठून राहिली. नाई त हत्ती आनला असता तरी मी हालली नसती."

शेजारची फुलवाली हसली. "अवो, हत्ती कायले पायजे? वकीलसाहेबाचं तोंड पुरे हाये."

दुसऱ्या दिवशी ती उठली. तिच्या मागोमाग बाकीच्या उठल्या.

त्याच आठवड्यात समितीची सभा भरली. मी विषय मांडला : ही बाई आपल्या शब्दावर उठली आहे, तिला पहिला ओटा देण्याचा रीतसर ठराव व्हावा. अध्यक्षांनी विड्याचे पान जुळविता जुळविता मला हातानेच थांबविले.

"अरे बाप्पा! त्याले ठराव कायले पायजे? तिले पयला ओटा देऊन राहिलो ना आपन! कोनाची हरकत हाये काय? सांगा बरं." कोणाचीच नव्हती. "झालं त मंग. लिहून घ्या, मास्तर."

मास्तरांचा टाक चालू होता. ते काय लिहीत आहेत हे पाहण्यासाठी मला उठून चार पावले टाकावी लागली असती. मी उठलो नाही. अध्यक्षांचे शब्द सात जणांनी ऐकले होते, हे मला पुरेसे वाटले. उलटतपासणीत साक्षीदारांच्या स्मरणशक्तीची चिरफाड करण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हे पुरेसे वाटले, याची लाज मला आजही वाटते.

सभेची रीत अशी, की पुढच्या सभेत मागील सभेचे इतिवृत्त प्रथम वाचून दाखवायचे, आणि कोणाची दुरुस्ती नसेल तर ते कायम करायचे. 'कायम' हा शब्द सभासद मंडळी जांभई देता देता उच्चारतात. कायद्याच्या दृष्टीने तो उच्चारल्यानंतर सभेत प्रत्यक्ष काय बोलले गेले याला फारसे महत्त्व उरत नाही. वहीत जे आहे तेच बोलले गेले असे धरून पुढचे सर्व चालते. हे मला त्या खोलीतल्या सर्वांपेक्षा अधिक माहीत होते.

पुढची सभा तासभर उशिरा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याच्या कोर्टात माझे एक काम सुनावणीच्या बोर्डावर होते आणि बडनेऱ्यास जाऊन गाडी धरायची होती. खाली टांगा उभा होता. मास्तरांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि प्रथम उपस्थितांची नावे संथपणे वाचावयास घेतली. मी दोनदा घड्याळ पाहिले. एक सभासद म्हणाला, "मास्तर, आटपा लवकर. वकीलसाहेबाचा जीव बडनेऱ्याले जाऊन बसला, धड तेवढं अठी हाये."

सगळे हसले. मीही हसलो, आणि म्हणालो, "मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून कायम करावे, अशी मी सूचना मांडतो." अनुमोदन तत्काळ मिळाले. मास्तरांनी वही मिटली. त्यांचा थोडा हिरमोड झालेला मला दिसला. पण मी जिन्यापर्यंत पोहोचलो होतो.

बांधकामाला चारांऐवजी सात महिने लागले. मध्यंतरी संस्थेने सूचना लावली, की ज्यांना ओटा हवा त्यांनी लेखी अर्ज करावा. बायकांनी कोणाकोणाला गाठून अर्ज लिहवून घेतले, अंगठे उठविले. ती बाईही माझ्याकडे विचारावयास आली होती. मी तिला सांगितले, "तुला अर्जाची जरुरी नाही. तुझे सभेत ठरलेले आहे."

मग एका सकाळी ती माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. टोपली नव्हती.

"वकीलसाहेब, ओट्याची पाटी लागली. मले वाचता येत नाई म्हनून सारे मले खोटं सांगून राहिले असतीन. तुमी चालून वाचा बरं."

मी तिच्याबरोबर गेलो. फाटकाशी नवी रंगविलेली पाटी होती. पहिला ओटा एका फळांच्या व्यापाऱ्याला दिलेला होता. तो अध्यक्षांचा व्याही होता, हे पाटीवर लिहिलेले नसले तरी मला ठाऊक होते. मी खालपर्यंत सर्व नावे वाचली. सगळे ओटे भरलेले होते आणि तिचे नाव कोठेही नव्हते. ती माझ्या ओठांकडे पाहत होती. मी यादी दुसऱ्यांदा वाचली, मोठ्याने.

"खोटं नोयते सांगत मंग," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी तडक संस्थेच्या कचेरीत गेलो आणि वही मागितली. मास्तरांच्या वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता, लिहिलेले होते : 'सदर बाईस पहिला ओटा देणे राहिले.'

येथे परगावच्या वाचकांसाठी खुलासा करतो. आमच्या वऱ्हाडीत 'देऊन राहिलो' म्हणजे 'देत आहोत'. तेथे काहीही शिल्लक राहत नाही. पण शाळेत तीस वर्षे मुलांच्या निबंधांतील 'करून राहिलो' आणि 'जाऊन राहिलो' तांबड्या शाईने खोडण्यात मास्तरांचे आयुष्य गेले होते. सभेतील वऱ्हाडी बोलणे वहीत शुद्ध करून उतरवणे त्यांना कर्तव्य वाटे. शब्द ऐकला, तो अशुद्ध ठरविला आणि शुद्ध केला. 'देणे राहिले', म्हणजे द्यावयाचे बाकी आहे, अद्याप दिलेले नाही. आणि जे दिलेले नाही त्यासाठी नवा अर्ज हवा. तो तिने केला नव्हता, कारण करू नको असे मीच तिला सांगितले होते.

मी मास्तरांना गाठले. ते खरोखर गोंधळले.

"अहो वकीलसाहेब, 'देऊन राहिलो' हे काय वाक्य झाले? देऊन झाल्यावर राहतो कोण? मी त्याला अर्थ दिला."

"अर्थ देण्यासाठी नव्हे, बोललेले लिहिण्यासाठी तुम्हाला बसविले होते."

"मग त्या दिवशी तुम्ही मला वाचू का दिले नाही?" ते म्हणाले. "मी वाचायलाच तर बसलो होतो."

तेथून मी अध्यक्षांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी काहीही नाकारले नाही, हे नमूद करतो.

"म्हनलो असन मी. नाई कोन म्हन्ते? पन वहीत काय हाये?"

"वहीत चूक आहे."

"चूक होती त कायम कोनं केली? वाचा ना, सूचक म्हनून कोनाचं नाव हाये तठी!" ते मनापासून हसले. "तुमीच ना कोर्टात लोकायच्या तोंडावर कागद फेकता? आज आमी तुमच्यावर फेकला त कायले राग येऊन राहिला?"

पुढच्या सभेत मी इतिवृत्ताच्या दुरुस्तीची सूचना मांडली. वाद अर्धा तास चालला. मास्तर उभे राहिले आणि, त्यांच्या पदरी हे पुण्य टाकलेच पाहिजे, म्हणाले की आपल्या लिहिण्यात चूक झालेली असू शकते. उरलेल्या चौघांना मी एकेक करून विचारले, की अध्यक्षांचे शब्द तुम्ही ऐकले होते की नाही. एकाला आठवत नव्हते. दुसरा त्या दिवशी हजर होता की नव्हता याचीच त्याला खात्री नव्हती. तिसऱ्याने अध्यक्षांकडे पाहिले, चौथ्याने तिसऱ्याकडे. कायम झालेले इतिवृत्त पुन्हा उघडता येत नाही असा निर्णय अध्यक्षांनी दिला आणि सभा संपविली. त्या सभेचे इतिवृत्त पुढे मी स्वतः उभे राहून, शब्द न् शब्द वाचले. त्या अर्ध्या तासाबद्दल त्यात एकच ओळ होती : 'ओट्यांसंबंधी किरकोळ चर्चा झाली.' अक्षर मास्तरांचेच होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मी राजीनामा दिला आणि पत्रे लिहू लागलो. संस्थेला अकरा पत्रे लिहिली. पैकी एकाला उत्तर आले, आणि त्यात माझ्याच सूचनेचा दाखला होता. सरकारी कचेरीने कळविले की हा खासगी संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे. अकोल्याच्या एका साप्ताहिकाने माझे पत्र जागेअभावी परत पाठविले. अखेर मी दाव्याचा मसुदा केला. बाईला एक छदामही खर्च पडणार नव्हता. मसुदा चांगला होता. माझ्या हातून उतरलेल्या चांगल्या मसुद्यांपैकी तो एक होता.

ती आता छपराच्या भिंतीबाहेर, गटाराच्या कडेला गोणपाट टाकून बसत असे. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि मसुदा सोपा करून तिला समजावला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला.

"कोर्टात कोन सांगन, का मले ओटा देऊन राहिले होते म्हनून?"

"मी सांगेन. मी साक्षीदार होईन."

"अन् तो तिकडला वकील तुमाले काय पुसन?"

तो काय विचारील हे मला अक्षरशः माहीत होते, कारण त्याच्या जागी मी असतो तर तेच विचारले असते. इतिवृत्त कायम करण्याची सूचना कोणाची? आपली. वाचण्यापूर्वी की नंतर? वाचण्यापूर्वी. का? गाडी धरायची होती. एवढे विचारून मी खाली बसलो असतो, आणि न्यायाधीशांनी दुसरे काम पुकारले असते.

"मी तुमच्या बोलन्यावर उठली, वकीलसाहेब," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते. "आता तुमचं लिवनं आनलं. ते राहू द्या."

शाईची गादी मी बरोबर नेली होती. तिने अंगठा दिला नाही. गिऱ्हाईक आले, तशी ती त्याच्याशी वांग्यांबद्दल बोलू लागली. पुढच्या महिन्यापासून ती तेथे दिसेनाशी झाली. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात ती बसते असे फुलवालीने मला सांगितले. तेथे जाण्याचे मी अनेकदा ठरविले, आणि गेलो नाही.