शेवडे सरांना माफी नाही

शेवडे सर आम्हाला नावानं कधी हाक मारत नसत. ज्याची जी शेवटची चूक, ते त्याचं नाव. हिंजवडीजवळच्या हॉस्पिटलात मी शिकाऊ डॉक्टर म्हणून कॅज्युअल्टीचं काम शिकायला गेले, तेव्हा माझ्याबरोबरचा लातूरचा मुलगा 'ऑक्सिजन' होता. एकदा सिलिंडर उघडायला विसरला होता बिचारा. भर वॉर्डात "ए ऑक्सिजन, इकडे ये" ऐकलं की त्याची मान खाली जायची. सरांना त्यात गंमत वाटायची. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचा.

शिकवायचे मात्र झकास, हे नाकारून चालणार नाही. "तुमच्या हातांना घाई असते," म्हणायचे, "आधी डोळ्यांना काम द्या. हातांना मी सांगेन." मग तासभर डोळ्यांची परीक्षा, आणि चुकलं की सगळ्यांसमोर उद्धार.

एका दुपारी कासारसाईकडचा एक शेतकरी आला. भाताच्या खाचरात पायाला नाग चावलेला. त्याचा भाऊ कंपनीची कॅब चालवायचा, त्याच गाडीतून घेऊन आला. घरच्यांनी पोटरीवर नायलॉनची दोरी करकचून आवळली होती. पाय काळानिळा पडलेला. मी कात्री उचलली. बांधलेलं सोडायचं, एवढंच डोक्यात.

"ठेव ती!" सर दारातून ओरडले. "मारायचंय काय त्याला?"

दोरी एकदम कापली तर अडलेलं विष एका झटक्यात अंगभर पसरतं. आधी सलाईन, सापाचं औषध, श्वासाची तयारी. मग दोरी हळूहळू सैल. चूक होतीच, नाही कोण म्हणतंय? पण ते वाक्य भावानं ऐकलं. त्यानं माझा दंड धरून मला भिंतीवर ढकललं. "ही बाई माझ्या भावाला मारतीया! हिला हात लावू देऊ नका!"

सरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोरी सैल होत गेली तशा पेशंटच्या पापण्या मिटायला लागल्या, श्वास मंदावला. सरांनी घशात नळी घातली आणि तिला जोडलेला हवेचा फुगा माझ्या हातात कोंबला. "दाबत राहा." माझा दंड ठणकत होता. भाऊ दोन हातांच्या अंतरावर उभा राहून शिव्या घालत होता, आणि मी त्याच्या भावाला श्वास देत होते.

माणूस वाचला. भावानं सरांचे पाय धरले. "लई उपकार झालं डॉक्टर, तुमी देव हाय." देव पुढच्या खाटेकडे वळले. मी कोपऱ्यात उभी होते.

नंतर मी त्यांच्या खोलीत गेले. "मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं."

"बाजूला घेईपर्यंत तू कापली असतीस."

"मग नंतर तरी त्यांना सांगायचं, की ही आमचीच डॉक्टर आहे."

"नंतर?" ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "नंतर पुढचा पेशंट असतो."

त्या आठवड्यात मी सामान बांधलं होतं. हॉस्पिटल सोडून जवळच्या घोटावड्यात साधा दवाखाना टाकायचा, सर्दीखोकला बघायचा, असं ठरवलं होतं. सोडलं नाही, ते केवळ जळफळाटानं. म्हटलं, या माणसाला एवढं सुख नाही द्यायचं.

पुढे ते दुसऱ्या शहरात गेले. निघताना म्हणाले, "माझ्या जागेसाठी तुझं नाव दिलंय."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"मागितलीय कुणी?" म्हणाले आणि गाडीत बसले.

जागा मी घेतली. आता मीही शिकाऊ डॉक्टरांवर ओरडते. कधीकधी ओरडावंच लागतं, जीव जात असतो. पण पेशंट सावरला की त्या पोराला किंवा पोरीला नातेवाइकांसमोर नेते. खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "हे आमचे डॉक्टर. यांनी तुमच्या माणसासाठी जिवाचं रान केलंय." मिनिटभराचं काम आहे.

शेवडे सरांना ते मिनिट कधीच मिळालं नाही.