जिवंत वैमानिकाची विधवा

आमच्या शेजारच्या काकांना सरकारने शौर्याचा क्रॉस दिला होता आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांचं दहन केलं होतं. आधी क्रॉस, मग दहन. काका मात्र चांगले जिवंत होते आणि कुंपणापलीकडच्या आगरात, नारळ-सुपाऱ्या साठवायच्या मांगरात राहत होते. हे मी रचून सांगत नाही. रत्नागिरीतल्या आमच्या आळीत वाढलेल्या कुणालाही विचारा. मान खाली घालील, पण नाही म्हणणार नाही.

काका विलायतेला इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. तिथल्या विमानदलात काळ्या माणसाला घेत नव्हते. काका खेटे घालत राहिले, शेवटी घेतलं. पुढे फ्रान्सवर ते लढाऊ विमान चालवू लागले. एका वर्षी माघात शत्रूच्या मुलखावर त्यांचं विमान पडलं आणि होळीच्या सुमारास घरी तार आली. तारेत लिहिलं होतं की बेपत्ता आहेत, बहुधा मारले गेले.

आता माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट पाहावी असं शास्त्रच सांगतं. शास्त्राशी माझं भांडण आहे, पण एवढं तरी त्यात बरं आहे. काकांचे चुलते घरचे कर्ते. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं. घरात माणूस मेला की नाही हे लटकत राहिलं तर सुतक धरायचं की नाही, व्याही काय म्हणतील, हा पेच. चुलत्यांनी तारेतला 'बहुधा' काढून टाकला. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ बसवला, नदीकाठी त्याला अग्नी दिला. बारा वर्षांचं काम बारा दिवसांत उरकलं. वैशाख लागताच काकूला न्हाव्यासमोर बसवलं. ती तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मग त्याच वैशाखाच्या अखेरीस लग्न वाजतगाजत झालं.

श्रावणात दुसरी तार आली. जिवंत आहेत, जर्मनांच्या कैदेत आहेत.

लढाई संपल्यावर बरेच महिने इस्पितळात काढून काका आगबोटीने परत आले तेव्हा मी आठेक वर्षांची होते. मांडवी बंदरावर होडीतून उतरताना त्यांच्या एका पायाला काठीचा आधार होता. आळीच्या तोंडाशी पोरांनी बोंब ठोकली, "भूत आलं, भूत आलं!" त्यांच्या दारात चुलते उभे होते. म्हणाले, "ये. पण ओटीवर चढू नको. आधी शास्त्रीबुवांना विचारायला हवं."

शास्त्रीबुवांनी पोथी काढली. मेलेला म्हणून ज्याचे विधी झाले तो परत आला, तर त्याला तुपाने भरलेल्या हंड्यात बसवायचा, बाहेर काढला की तो नुकता जन्मला असं समजायचं, मग बारसं, मुंज, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. काका हसले म्हणे. म्हणाले, "बसतो हंड्यात. काय काय म्हणाल ते करतो. तिला मोकळी करा." पण इथेच गाडं अडलं. सोवळी झालेली बाई बोहल्यावर उभी कशी करायची? डोक्यावर केस हवेत. आणि लग्न होईपर्यंत ती विधवा, तेव्हा केस वाढवायचे नाहीत. केस नाहीत म्हणून लग्न नाही आणि लग्न नाही म्हणून केस नाहीत. या एका गाठीवर शास्त्रीबुवा, चुलते आणि सगळी ज्ञाती तेरा-चौदा वर्षं मांडी ठोकून बसली. गाठ सोडवायची इच्छाच नव्हती कुणाची. सोडवली असती तर चुलत्यांनी घाई केली हे उघड कबूल करावं लागलं असतं.

तोवर काकूने त्या घरात विधवेचं लाल अलवण नेसून स्वयंपाक करायचा. काकांचं ताट पडवीच्या कडेला ठेवायचं आणि आत निघून जायचं. काकांनी तिथे बसून जेवायचं, ताट धुऊन पालथं घालायचं आणि मांगरात जायचं. दिवसभर ते मोटारी दुरुस्त करायला जात. नव्यानेच सुरू झालेल्या सर्व्हिस मोटारींची इंजिनं त्यांच्याशिवाय कुणाला कळत नव्हती.

आणि याच माणसाला साम्राज्यदिनाला कलेक्टरसाहेबाच्या बंगल्यावर चुलते घेऊन जात! काकांच्या कोटावर क्रॉस, शेजारच्या खुर्चीत चुलते, डोक्याला जरीची पगडी. साहेब हस्तांदोलन करायचा. घरी परतले की चुलते आंघोळ करून ओटीवर आणि काका पडवीच्या कडेला. मिरवायला पुतण्या जिवंत आणि पंगतीला मेलेला!

कायदेभंगात मी तीन महिने आत जाऊन आले. सुटून आल्यावर मला गावातली एकेक गोष्ट टोचू लागली. आम्ही चारपाच पोरं-पोरी पत्रकं काढायचो, रात्री भिंतींवर डकवायचो. मी ठरवलं, यावर पत्रक काढायचं. मथळाही तयार होता, 'सरकारचा शूर, घरचा मुडदा'. पण या शूराने केलं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी ते कधी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. म्हणून एका दुपारी पडवीत त्यांचं जेवण झाल्यावर जाऊन बसले.

आधी काकूला गाठलं होतं. "काकू, तू यांच्याबरोबर मुंबईला निघून का जात नाहीस? तिथे कोण विचारतंय?"

तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "त्यांनीही विचारलंन. नाही म्हटलं मी."

"का पण?"

"तू लहान आहेस गो. वैशाखात माझे केस गेले, श्रावणात ते जिवंत असल्याची तार आली. काही कळतं का? मरण त्यांच्या नावावर निघालं होतं. ते माझ्या कपाळावरनं गेलं. आता मी कुंकू लावलं तर ते मरण आपलं देणं मागायला परत नाही येणार?"

मी डोक्याला हात लावला. सभांतून मी रूढीवर बोलायची, चुलत्यांसारख्या माणसांना नावं ठेवायची. पण या बाईने स्वतःला डांबून घेतलं होतं ते प्रेमाने. त्याच्यावर कुठलं पत्रक काढायचं?

असो. तर काका पडवीच्या कडेला, मी पायरीवर, आणि काकू आत माजघराच्या दाराआड. ती ऐकते आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"काका, क्रॉस कशाबद्दल मिळाला?"

"मिळाला."

"अहो पण कशाबद्दल? मला लिहायचंय."

"त्यात लिहिण्यासारखं काय?" म्हणाले. मग काठीने जमिनीवर रेघा ओढत हळूहळू सांगू लागले. त्यांचं विमान एकट्याने बसायचं, पुढे दोन बंदुका. इंजिनात वंगण म्हणून एरंडेल घालायचे. ते तेल उडून तोंडावर यायचं, नाकातोंडात जायचं, आणि मग...

"मग काय?"

"मग खाली उतरल्यावर प्रत्येकाला घाई."

दाराआडून फुस्सकन हसण्याचा आवाज आला. "एरंडेलावर विमान! माझे आई!" काकूला मी हसताना प्रथमच ऐकलं. काकांनी दाराकडे पाहिलं आणि त्यांचा आवाजच बदलला. पुढचं सगळं त्यांनी दाराला सांगितलं.

फोटो काढणारी संथ विमानं खालून जात. त्यांना वरून राखण करायचं काम यांचं. एकदा थंडीच्या दिवसांत सूर्याच्या बाजूने शत्रूची सहा विमानं उतरली. यांच्या जोडीदाराची बंदूक गोठून अडली, त्याला माघारी फिरावं लागलं. काका एकटे त्या सहांच्या मधे घुसले. एकाला पाडलं, दुसऱ्याच्या मागे लागून बाकीच्यांना आपल्यामागे ओढून नेलं. खालचं फोटोवालं विमान सुखरूप परतलं. क्रॉस त्याचा.

"पाडलंत त्यात माणूस होता?"

"होता की. पडताना त्याने माझ्याकडे पाहिलं. चष्मा होता डोळ्यांवर, चेहरा दिसला नाही. तेवढं बरं झालं."

त्यानंतरही ते जात राहिले. रोज. जेवायच्या टेबलावरच्या खुर्च्या रिकाम्या होत आणि नवी पोरं येऊन बसत, त्यांची नावं पाठ होईपर्यंत पुन्हा रिकाम्या. शेवटच्या फेरीत असंच दुसऱ्याचं विमान सोडवायला हे खाली गेले, जमिनीवरून गोळ्या आल्या, इंजिन फुटलं, पाय फुटला. पेटायच्या आत कसंबसं एका नांगरलेल्या शेतात उतरवलं.

"मग?"

"मग काय. पकडलं. इस्पितळात टाकलं. त्यांचा ईस्टरचा सण आला होता, तेव्हा मी उठून बसलो. आपल्याकडे होळी झाली असेल नुकती. डॉक्टर म्हणाला, हा आता मरत नाही. बटाट्याचं पाणी प्यायला दिलं."

दार उघडलं. काकू उंबऱ्यात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती दिवसाढवळ्या त्यांच्यासमोर उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती.

"होळीला?" ती म्हणाली. "होळीलाच उठून बसला होतात?"

"हो. का?"

"मला वैशाखात बसवली न्हाव्यापुढे."

काका बोटांवर महिने मोजू लागले.

"म्हणजे माझे केस गेले तेव्हा तुम्ही बटाटे खात होतात!"

"पाणी. बटाटे नव्हते त्यात."

ती हसायला लागली. हसता हसता उंबऱ्यावर खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. तिचं सगळं गणित चुकलं होतं. तिने कसलंच मरण चुकवलं नव्हतं. मोल देऊन काही विकत घेतलं म्हणून इतकी वर्षं सोसत होती, आणि ते मोल कुणी मागितलंच नव्हतं. काका काठी टेकत उठले, दोन पावलं तिच्याकडे गेले आणि तिथेच थांबले. सहा विमानांच्या मधे घुसणारा माणूस! त्यांना पडवीची ती रेघ ओलांडवली नाही. मी संतापले.

पंधरवड्याने न्हावी नेहमीसारखा मागल्या दारी आला. काकूने आतूनच सांगितलं, "जा बाबा. आज नाही, पुढेही येऊ नको." चुलत्यांनी आकाशपाताळ एक केलं. "अवदसा आठवली काय गो तुला या वयात?" काकू म्हणाली, "केस नाहीत म्हणून अडलंय ना? वाढवते. मग बसवा त्यांना हंड्यात." चुलत्यांनी तिच्या हातचं जेवण सोडलं. त्यांच्या सुनेने चूल हाती घेतली आणि आळीतल्या बायका विहिरीवर काकू आली की कळशा उचलून चालत्या होऊ लागल्या. माझी आईसुद्धा उचलायची. मी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला.

माझं पत्रक मी फाडून टाकलं. आता त्याची गरज नव्हती. लग्न लावायला एक तरुण भटजी आम्ही तयार केला होता. तो म्हणाला, "मला केसांशी काही देणंघेणं नाही, उद्या लावतो." पण काकूच अडून बसली. "नको. वेणी येऊ दे. त्यांनी मला वेणीत पाहिलेली, तशीच उभी राहीन." संध्याकाळी ती आगरात येऊन काकांशी बोलत उभी राहायची. एकदा तिने पदर सारून त्यांना केस दाखवले, बोटाच्या पेराएवढे झाले होते. काका म्हणाले, "लष्करात भरती करून घेतील." "घेतील, एरंडेल पाजायला," ती म्हणाली.

भाद्रपदात तिला ताप भरला. विषमज्वर. डॉक्टर येऊन गेला, काका मांगरातून उठून थेट तिच्या अंथरुणापाशी येऊन बसले आणि कुणाच्या बापाला विचारलं नाही. चुलते दारात उभं राहून ओरडत होते, काका ओल्या पट्ट्या बदलत होते. ती गेली तेव्हा पहाट होती.

मग खरा तमाशा सुरू झाला. नवरा असताना गेलेल्या बाईला हिरवं लुगडं, हळदकुंकू, फुलं. विधवेला यातलं काही नाही. चुलते म्हणाले, "अलवणातच न्यायची. आणि अग्नी मी देईन. याचे विधी झालेत, मेलेल्याने मेलेल्याला अग्नी द्यायचा नसतो." आळीतल्या बायका पडवीत घोळक्याने उभ्या होत्या, हात लावायला एकही पुढे येईना. मी लुगड्यासाठी घरी धावले, तर माझी आई समोरून येत होती. तिच्या हातात तिच्या लग्नातलं हिरवं लुगडं होतं. थेट आत गेली आणि म्हणाली, "पुरुषमाणसं बाहेर व्हा."

आम्ही दोघींनी काकूला नेसवलं. मग आईने काकांना आत बोलावलं. त्यांनी कुंकवाचा करंडा घेतला. कपाळावर लावताना कुंकू नाकावर सांडलं. त्यांनी ते पुसलं नाही.

आईने आमच्या दारातल्या अबोलीचा वळेसर करून आणला होता. काकांनी तो तिच्या केसांत माळायला घेतला. केस चार बोटांचेही नव्हते. वळेसर घसरला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मी दोरा शोधायला उठले तर आईने माझा हात धरून खाली बसवलं. बाहेर चुलत्यांचा आवाज चढत होता, तिरडी बांधायला आलेली आमची पोरं त्यांच्याशी हुज्जत घालत होती. काका आपले एकेक फूल सुटं करून त्या केसांत खोचत होते. जे राहत नव्हतं ते उशीवरून उचलून पुन्हा खोचत होते.

"अहो, झालं आता," आई म्हणाली.

"थांबा," ते म्हणाले. "अजून नाही झालं."