आमच्या विहिरीचा खोटा तळ

सिनेमावाले आमच्या गावात आले ते दसऱ्यानंतर. त्यांना दुष्काळी गाव हवं होतं आणि नेमका त्या साली पाऊस चांगला झाला होता. आमचं गाव तुळजापूरहून तामलवाडीकडं जाताना लागतं. सोयाबीन निघालं होतं, ओढा वाहत होता आणि आमच्या घरामागची विहीर निम्म्यापर्यंत भरली होती. मला वाटलं, हे लोक दुसरं गाव बघतील. त्यांनी विहीरच कोरडी केली.

पाणी उपसून नव्हे. पाण्याच्या हातभर वर त्यांनी बांबू आणि फळ्यांचा तळ बसवला. मग ट्रकमधून पोती उतरली. पोत्यांत कडब्यात गुंडाळलेली मातीची ढेकळं होती. कुठल्याशा आटलेल्या तळ्याचा भेगाळलेला गाळ त्यांनी उन्हाळ्यातच उचलून ठेवला होता. प्रत्येक ढेकळाच्या खालच्या बाजूला खडूनं क्रमांक घातलेला आणि त्यांच्या मिस्त्रीच्या हातातल्या कागदावर तेच क्रमांक, कुठल्याशेजारी कुठलं ते दाखवणारे. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. याद्या करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि घरातली खोडही. पण इतकी चोख यादी मी तोवर पाहिली नव्हती.

"क्रमांक कशाला? माती ती मातीच," मी मिस्त्रीला विचारलं.

"भेगेला भेग जुळली नाही तर बघणाऱ्याला खटकतं, ताई. काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही. पण खटकतं."

संध्याकाळी मी काठावरून आत वाकले. फळीखाली पाणी आहे हे मला ठाऊक होतं, तरी घरात हंडे किती भरलेत ते मनात मोजू लागले. तसा तळ मी टँकरच्या वर्षांत खरोखर पाहिला होता. मिस्त्रीनं तो कधी पाहिला नसेलही, पण एका बाजूला जास्त खोल गेलेली भेग, कडेला वाळलेलं शेवाळ, काहीही सुटलं नव्हतं.

शूटिंग संपलं, तळ निघाला. सिनेमा लागला तेव्हा सगळं गाव दोन टेम्पोंत भरून सोलापूरला गेलं. घरी येऊन मी चुका लिहून काढल्या. गावाचं नाव आणि वेशीवरचा फलक खरे, बाकीचं बरंच इकडचं तिकडं. आमच्या बाया पाण्यासाठी ज्या माळापलीकडं जातात असं दाखवलं, त्या माळापलीकडं सोलापूरचा मोठा रस्ता आहे आणि रस्त्याला धाबा. गडी माणसं रोजच्या कामाला फेटा बांधून निघतात. नायक तुळजापूरला देवीच्या दर्शनाला धापा टाकत पायऱ्या चढतो. तुळजापूरला पायऱ्या उतरून देवळात जायचं असतं, धाप लागते ती परतताना. पान भरलं, पण गावात कुणाला राग आला नाही. पाहुणा आला की त्याला आधी आमची विहीर दाखवायची, असं महिनाभर चाललं. मीही मिस्त्रीचं कौतुक सांगत राहिले.

त्याच सुमारास दिराच्या मुलाचं लग्न जुळत होतं. तो आमच्याकडंच वाढला, सोलापूरला नोकरीला रोज इथून जाऊन येतो. मुलगी माकणीची, म्हणजे धरणाच्या काठची. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, फोनवर बोलणं सुरू झालं होतं, साखरपुड्याची तारीख तेवढी धरायची राहिली होती. तेवढ्यात मुलीच्या आजीनं नातीच्याच फोनवर तो सिनेमा पाहिला. मुलीच्या वडलांचा निरोप आला, "आई म्हणते, गावात पाणी नाही, जरा थांबू."

पुतण्या एका भाकरीवर उठायला लागला. एकदा हात धुताना म्हणाला, "काकू, तुमच्या मिस्त्रीनं लई बारीक काम केलं बघा." त्यानंतर मी मिस्त्रीचं नाव घरात काढलं नाही. आजींना फोन केला आणि म्हटलं, या आणि स्वतः बघा.

रविवारी आजी लेकाच्या, म्हणजे मुलीच्या वडलांच्या, गाडीतून आल्या. बुटक्या, ताठ, बोलायला मोजक्या. मी तांब्याभर पाणी दिलं, उरलेलं सवयीप्रमाणं दारच्या कढीपत्त्याला घातलं आणि त्यांना विहिरीवर नेलं. त्यांनी खडा टाकला. आवाज ऐकला. मग काठाला टेकून आत वाकल्या.

"बघा आजी, पाणी आहे."

"दिसतंय की. पर भरल्या हिरीला कोरडी करून दावलीच न्हवं तुमी? मग कोरडीला भरलेली करायला काय लागतं? दोन टँकर."

पुतण्याला हसू आलं आणि लगेच गेलं. मला राग यायला हवा होता, पण शंका बिनचूक होती.

"तुमी बसा," त्या म्हणाल्या. "म्या गावातून चक्कर मारून येते. संगं कुणी यायचं न्हाय."

लेक निवांत चहा पीत राहिला. "आमच्या आईचं असंच असतंय," म्हणाला. पुतण्यानं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"काकू, चार घरी फोन करू का, नीट बोला म्हणून?"

"गप बस. त्या लगेच ओळखतील."

तासाभरानं आजी आल्या आणि ओट्यावर टेकल्या.

"तीन घरी पाणी मागितलं. परकी बाई म्हणून. पहिलीनं माज्याशी बोलत बोलत उरलेलं अंगणात भिरकावलं, कुठं पडलं ते बघितलंबी न्हाय. दुसरीनं तांब्या दोनदा इसळून दिला. तिसरीच्या दारात म्हशीचा हौद भरून वाहत व्हता आन ती शेजारणीशी गप्पा हाणत व्हती. इतकं बेफिकीर वागणं शिकवून येत न्हाय. गावात पाणी हाय."

आमचं गाव ओळखायची याहून चांगली रीत मला आयुष्यभरात सुचली नसती.

"पर तुमच्या घरी म्या घाबरले," त्या पुढं म्हणाल्या. "तुमी उरलेलं झाडाला घातलं. आता खरं सांगा बाई. ही हीर कधीच आटली न्हाय?"

पुतण्या माझ्याकडं बघत होता. नाही म्हटलं असतं तर त्याचं लग्न तिथंच ठरलं असतं.

"आटली, आजी. दोनदा. दोन्ही वेळा टँकर आला आणि आम्ही हंडे मोजून पाणी घेतलं. ती सवय माझ्या हाताला राहिली आहे. आता नळ आहे, बोअर आहे, तुमच्या नातीला डोक्यावर पाणी आणावं लागणार नाही. पण दोन सालं पाठोपाठ पाऊस चुकला तर टँकर पुन्हा येईल."

पुतण्यानं मान खाली घातली. आजींनी पदरानं तोंड पुसलं.

"धरण व्हायच्या आदी म्या तेरणेच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं घागर भरलीय. आटत न्हाय अशी हीर म्या अजून बघितली न्हाय. तुमी न्हाय म्हणला असता तर आत्ता गाडीत बसले असते." मग लेकाकडं वळून म्हणाल्या, "त्या सिनेमावाल्यानं तळ मातर झकास केला व्हता रं. म्या फसले."

मी वही आणली. साखरपुड्याला माणसं किती, जेवण कुणाकडं, साडी कुठून, हे लिहायला घेतलं.

"आणखी एक घाला, विहीणबाई," आजी म्हणाल्या. "माज्या नातीला अंघोळीला दोन बादल्या लागतात."

"तीन देऊ," पुतण्या म्हणाला.

"तू गप रं. तुला कुणी इचारलंय?"