मी जिंकून दिलेला संप

मी मल्लिनाथअण्णांचा घात केला – गेल्या एक मेला, विडी कामगारांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात, भर सभेत. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, मैत्रिणींना नाही. पक्षात तर मुळीच नाही!

अण्णा म्हणजे आमच्या सोलापुरातले जुने डावे लेखक. अर्धं आयुष्य मोर्च्यात, अर्धं कोठडीत, आणि उरलेल्या वेळात पुस्तकं. डोळे अधू झाले तशी शेवटची कादंबरी ते तोंडी सांगायचे, मी टाइप करायचे. विषय – विडी वळणाऱ्या बायकांचा संप. खराखुरा झालेला, अण्णांनीच चालवलेला.

आता मी पडले पक्षाची पत्रकं लिहिणारी. माझ्या पत्रकात आपण कधी हरतच नाही. सभेला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त असल्या, तरी मी 'प्रचंड प्रतिसाद' लिहिते. आणि अण्णांच्या कादंबरीत शेवटी काय? संप फुटतो! बायका मुकाट कामावर जातात! एवढं जाडजूड पुस्तक वाचून माणसानं हे घेऊन घरी जायचं? मालकांची फुकट जाहिरात? माझं डोकंच फिरलं – खरं सांगू, आजही थोडं फिरतं.

तर – शेवट मी बदलला. अण्णांना वाचून दाखवला त्यांचा, छापखान्यात पाठवला माझा. माझ्या शेवटात मालक हात जोडतो. लाल सूर्यही उगवतो. एकाच पानात दोनदा.

प्रकाशनाच्या सभेत अध्यक्षांनी नेमकं तेच पान मोठ्यानं वाचलं. त्या संपातल्या लक्ष्मक्का पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्याच.

"काय ओ अण्णा, संप जिंकला म्हणे आपन! मग मला कुनी सांगितलं न्हाय की. मी आजून विड्याच वळायलेय!"

सभा खो खो हसली. मीही हसले. अण्णा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "मीच तसं सांगितलं आसंल, अक्का. डोकं चालंना बघा आता."

तेव्हा उभं राहायला काय झालं होतं मला? पोलिसांच्या गाडीपुढं आडवी पडणारी बाई मी – साधी खुर्ची सोडवेना?

तेव्हापासून अण्णांनी लिहिणं बंद केलंय. कुणी जुनं काही विचारलं तर म्हणतात, "दुसऱ्या कुणाला तरी विचार, मी भलतंच सांगंन." त्यांच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. झालं ते मी केलं. आणि मी रोज जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवते, पण शेवट मी बदलला हे मात्र सांगत नाही.

उद्या पेपरऐवजी त्यांना हे वाचून दाखवणार आहे. या वेळी लिहिलंय तसंच.

तुमच्याकडे ती कादंबरी असेल, तर शेवटच्या पानावर आडवी काट मारा. खाली अण्णांचं वाक्य लिहा – 'सोमवारी साऱ्याजणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसल्या, आणि कुणीच कुणाकडं बघितलं नाही.'

पेन्सिलीनं नको. पेनानं लिहा.