तपासणीआधीचं कारलं

कारल्याच्या रसाचा कडवट वास आला की सिल्वासातला तो दवाखाना आठवतो. माझे बाबा निवृत्त शाळामास्तर. साखरेची तपासणी जवळ आली की चार दिवस कारल्याचा रस प्यायचे आणि रिपोर्ट चांगला आला की येताना फाफडा-जिलेबी बांधून आणायचे. एकदा मी सोबत गेलो होतो, तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी वेगळी तपासणी केली. रिपोर्ट बघून त्या हळूच म्हणाल्या, "सर, यात मागच्या तीन महिन्यांचं सगळं दिसतं." कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढणारे बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. मलाच तिथून उठून जावंसं वाटलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आईला बोलू नकोस हं." आज मिक्सरमधलं कारलं पाहून माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, तुमची तपासणी जवळ आली वाटतं?" मी मान वर केली नाही.