वरच्या कोर्टाच्या बाकावर

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतच्या पांडेसऱ्यात माझा दादा कामाला होता त्या कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या गेटवर मारामारी झाली आणि सुपरवायझरचं डोकं फुटलं. पोलिसांनी हाताला लागले तेवढे उचलले... त्यात दादाही होता.

मी आणि माय सुरतच्या कोर्टात गेलो. आम्हाला वाटलं, मॅजिस्ट्रेटसमोर उभा केला की जामीन होईल. पण त्यांनी सांगितलं, कलम खुनाच्या प्रयत्नाचं लागलंय, हे माझ्या हातात नाही.

वकिलांनी समजावलं. आता सेशन्स कोर्टात अर्ज करायचा, तिथे नाही झालं तर अहमदाबादला हायकोर्ट. मायला त्यातलं एवढंच कळलं की प्रकरण ‘वरच्या कोर्टात’ गेलं... म्हणजे गुन्हाही मोठा झाला. त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना.

सेशन्सच्या तारखेला आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. मी पाणी आणायला गेले. परत येते तर माय शेजारच्या माणसाशी बोलत होती. त्याच्या डोक्याला पट्टी होती.

दादाला डबा द्यायला जायचे तेव्हा गेटवर त्याला पाहिलेलं... तोच सुपरवायझर! मायला काहीच माहीत नव्हतं. ती आपल्या अहिराणीत त्याला विचारत होती, फार दुखतं का, घरी कोण आहे. मग मिलच्या भानगडीत पोरगा कसा अडकला, तेही सांगून मोकळी झाली.

‘‘मना आंडोर असा नही शे, भाऊ,’’ ती म्हणाली. माझा मुलगा असा नाही.

तो उठला आणि आत गेला. मी मायला सांगितलं तो कोण ते... तिने माझा हात जो धरला, तो नाव पुकारेपर्यंत सोडला नाही.

आत सरकारी वकिलांनी जामिनाला जोरात विरोध केला. दादा खाली मान घालून उभा. मग जजसाहेबांनी त्या सुपरवायझरलाच विचारलं, मारणाऱ्याला ओळखता का? त्याने दादाकडे बराच वेळ पाहिलं.

‘‘आ नहोतो, साहेब.’’

हा नव्हता. एवढंच.

जामीन झाला. पुढे केस बरीच वर्षं रेंगाळली, पण दादा निर्दोष सुटला.

मायच्या बोलण्याने त्याचं मन हललं, की तो घरूनच खरं सांगायचं ठरवून आला होता, मला आजही ठाऊक नाही. बाहेर येऊन आम्ही त्याला सगळीकडे शोधलं, पण तो निघून गेला होता. डोक्याला टाके पडलेले असताना समोरच्या आरोपीला न्याय देणारा तो माणूस... त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. आज इथे मानते.